घरच्या कॉम्प्युटरला कुठला अँटीव्हायरस घ्यावा? मांद्र्याच्या एका ताईंना उत्तर

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तो थोडक्यात असा: मांद्र्याला घर, २०१९ साली घेतलेला डेस्कटॉप, त्यात विंडोज १०. यजमान बोटीवर, वर्षातले सात-आठ महिने बाहेर. घरामागच्या दोन खोल्या तुम्ही पर्यटकांना भाड्याने देता, बुकिंगचे ईमेल याच कॉम्प्युटरवर बघता, बँकेचे व्यवहारही त्यावरच करता. मुलगा अकरावीला, तो त्यावर प्रोजेक्ट करतो आणि गेमही खेळतो. गेल्या महिन्यापासून स्क्रीनच्या कोपऱ्यात रोज ‘पाच व्हायरस सापडले’ अशी पाटी येते. दुकानदार म्हणतात तीन वर्षांचं ‘टोटल सिक्युरिटी’ घ्या, दीर म्हणतात फुकटचा टाका. यातलं कुणाचं ऐकू, असं तुम्ही विचारलंत.

मी गोव्यात, फोंड्याला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतो, २००२पासून. अँटीव्हायरसच्या ‘की’, म्हणजे तो चालू करायचे क्रमांक, माझ्याकडेही विकायला असतात आणि त्यावर मला कमिशन मिळतं. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना ते तुमच्या ध्यानात राहील.

तुमच्या घरासाठी माझं मत असं: विंडोजबरोबर आलेला डिफेंडर हा अँटीव्हायरस ठेवा, सध्या दुसरा काही घेऊ नका आणि त्या पैशांची एक एक्स्टर्नल हार्ड डिस्क घ्या. पण हेच मत मी प्रत्येक घराला देत नाही. ते कशावर अवलंबून असतं ते खाली सांगतो. शिवाय तुम्ही अँटीव्हायरसचं नाव विचारलंत, तरी तुमची काळजी त्याहून मोठी आहे असं मला वाटतं. घरात एकच मशीन, त्यात धंदा, बँक, मुलाचा अभ्यास आणि बहुधा यजमानांनी पाठवलेले सगळे फोटो. काही बिघडलं तर विचारायला घरचं माणूस जवळ नाही. त्या काळजीला धरूनच उत्तर देतो.

आधी ती पाटी. तुम्ही लिहिलंत की ती उजवीकडे खाली येते, तिच्यावर क्रोमचं चिन्ह असतं आणि तिच्यावर क्लिक केलं की एक वेबसाइट उघडते. म्हणजे ती कुठल्याही अँटीव्हायरसची नाही. ती क्रोममधून येणारी नोटिफिकेशन आहे. घरातलं कुणीतरी, बहुतेक सिनेमा किंवा गेम शोधताना, अशा साइटवर गेलं असणार जिथे ‘तुम्ही रोबोट नाही हे दाखवण्यासाठी अलाउ दाबा’ असं लिहिलं होतं. ते अलाउ दाबणं म्हणजे त्या साइटला तुमच्या स्क्रीनवर हवी तेव्हा चिठ्ठी टाकायची मुभा देणं. आता ती साइट रोज चिठ्ठी टाकते. क्रोमच्या वरच्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर जा, सेटिंग्ज उघडा, त्यात प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स. तिथे मुभा दिलेल्या साइटची यादी दिसेल. ओळखीची नाही ती प्रत्येक काढून टाका. त्याच पानावर यापुढे कुठल्याही साइटने अशी परवानगी मागूच नये, असाही पर्याय आहे, तो निवडा. बहुतेक वेळा एवढ्यावर पाटी थांबते. ‘व्हायरस आलाय’ म्हणून माझ्याकडे येणाऱ्या घरगुती मशीनमध्ये ही तक्रार फार असते, आणि त्यातल्या बऱ्याच मशीनमध्ये व्हायरस सापडतच नाही.

अशा पाटीवर किंवा तिने उघडलेल्या पानावर फोन नंबर दिलेला असेल तर त्यावर फोन मात्र करू नका. पलीकडचा माणूस स्वतःला मोठ्या कंपनीचा इंजिनियर म्हणवतो, तुमची स्क्रीन त्याला दिसेल असं ॲप टाकायला लावतो आणि बोलता बोलता बँकेच्या पानापर्यंत पोहोचतो. हे सगळं तुमच्याच हाताने होतं, म्हणून जगातला कुठलाही अँटीव्हायरस तिथे आडवा येत नाही. असं कधी झालंच तर इंटरनेटची वायर काढा, बँकेला कळवा आणि १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा. पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात सरकण्याआधी तक्रार झाली तर ते गोठवता येण्याची शक्यता असते. लाज वाटते म्हणून दोन दिवस गप्प बसलेली माणसं माझ्याकडे आली आहेत. त्या दोन दिवसांचं मला फार वाईट वाटतं.

आता डिफेंडर. दुकानदारांनी आणि दिरांनी, दोघांनीही ज्याचं नाव घेतलं नाही तो हा अँटीव्हायरस तुमच्या मशीनमध्ये आधीपासून आहे. मायक्रोसॉफ्टने २००९मध्ये सिक्युरिटी एसेन्शियल्स नावाचा फुकट अँटीव्हायरस दिला आणि २०१२च्या विंडोज ८पासून तेच काम डिफेंडर या नावाने विंडोजमध्येच आलं. त्या काळी मीच गिऱ्हाइकांना सांगायचो की यावर विसंबू नका, आणि तेव्हा ते खरंच होतं. स्वतंत्र चाचण्यांत त्याचा नंबर तळाला असायचा. पुढे चित्र पालटलं. जर्मनीतली एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातली एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या दोन संस्था वर्षभर वेगवेगळे अँटीव्हायरस तपासून निकाल सगळ्यांसाठी खुले ठेवतात. गेली काही वर्षं एव्ही-टेस्टच्या निकालांत डिफेंडर संरक्षणाचे सहापैकी सहा गुण सातत्याने मिळवतो आहे. दुकानात ऐकू येणारं ‘विंडोजचा तो काही कामाचा नाही’ हे मत त्या जुन्या दिवसांतलं आहे.

तरी त्याच्यात दोन उणिवा आहेत, आणि त्या कुणाच्या घरी अडतील हे घरावर ठरतं. पहिली अशी की डिफेंडर संशयास्पद फाइल ओळखताना मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरला विचारण्यावर बराच भर देतो. इंटरनेट बंद ठेवून केलेल्या एव्ही-कम्पॅरेटिव्ह्जच्या चाचण्यांत त्याची पकड बरीच सैल होते. पैसे देऊन घ्यायच्या काही अँटीव्हायरसची तेवढी होत नाही. सत्तरी तालुक्यातल्या एका गावचे शिक्षक माझे गिऱ्हाईक आहेत. पावसात त्यांचं नेट आठवडा आठवडा बंद असतं आणि शाळेतून, मुलांकडून पेन ड्राइव्ह मात्र रोज येतात. त्यांना मी विकतचा अँटीव्हायरसच बसवून दिला, आणि आज विचारलंत तरी तोच देईन. तुमच्याकडे पाहुण्यांसाठी फायबरचं नेट आहे असं तुम्ही लिहिलंत, म्हणून ही उणीव तुम्हाला फारशी लागू होत नाही.

दुसरी उणीव वेगाची. मोठ्या फाइली कॉपी करताना किंवा नवीन प्रोग्रॅम टाकताना डिफेंडर जुन्या मशीनला जड जातो. २०१९च्या डेस्कटॉपमध्ये फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क असेल तर स्कॅन चालू झाला की मशीन रेंगाळतं, आणि मग घरातलं कुणीतरी चिडून डिफेंडरच बंद करून टाकतं. त्यावर उपाय म्हणून अँटीव्हायरस बदलू नका, एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवून घ्या. जुन्या मशीनवर केलेल्या खर्चात याच्याइतका गुण देणारा दुसरा खर्च मी पाहिलेला नाही.

यापुढचं जरा सावकाश वाचा, कारण घरात नुकसान कुठून शिरतं ते यात आहे.

तुमच्यासाठी सगळ्यात मोठी वाट बुकिंगच्या ईमेलची. २०२४पासून एक नवी पद्धत फोफावली आहे आणि खोल्या भाड्याने देणारे लोक तिच्या नेमक्या निशाण्यावर आहेत; मायक्रोसॉफ्टने मार्च २०२५मध्ये तसा जाहीर इशाराही दिला होता. एखाद्या मोठ्या बुकिंग साइटच्या नावाने मेल येतो. पाहुण्याने वाईट अभिप्राय दिला आहे, किंवा त्याची काहीतरी वस्तू खोलीत राहिली आहे, इथे क्लिक करून उत्तर द्या. क्लिक केलं की ‘मी रोबोट नाही’ अशी ओळखीची चौकट दिसते आणि तिच्याखाली तीन पायऱ्या लिहिलेल्या असतात: विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. माणूस तेवढं करतो. त्या पानाने एक आज्ञा गुपचूप कॉपी करून ठेवलेली असते आणि या तीन पायऱ्यांनी ती तुमच्या हातून चालवली जाते. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड निघून जातात. पुढे चोर तुमच्याच बुकिंग खात्यात शिरून तुमच्या पाहुण्यांना ‘आगाऊ पैसे इथे भरा’ असे निरोप पाठवतात. पैसे पाहुण्यांचे बुडतात आणि नाव तुमच्या घराचं खराब होतं.

यातली एक गोष्ट कागदावर लिहून कॉम्प्युटरला चिकटवा: कुठलीही खरी साइट तुम्हाला विंडोजचं बटण आणि आर दाबायला सांगत नाही. कधीच नाही. बुकिंगचा मेल आला की त्यातल्या दुव्यावर न जाता बुकिंग साइट स्वतः उघडा किंवा तिचं फोनवरचं ॲप उघडा. निरोप खरा असेल तर तिथेही दिसेलच. त्या खात्याला आणि तुमच्या ईमेलला पासवर्डशिवाय दुसरा टप्पा, म्हणजे फोनवर येणारा कोड, लावून घ्या. हंगामात दिवसाला पन्नास मेल येत असताना हे पाळणं कठीण जातं, याची मला कल्पना आहे. पण हंगामातच हे मेल जास्त येतात.

दुसरी वाट मुलाच्या खुर्चीतून जाते. त्याला रागावू नका, त्याच्याशी बोला. फुकट मिळणारा महागडा गेम, फुकट फोटोशॉप, विंडोज ‘ॲक्टिव्हेट’ करून देणारी छोटीशी फाइल, यांच्याबरोबर पुष्कळदा एक सूचना असते: आधी अँटीव्हायरस बंद करा. मुलं ते करतात, कारण त्यांना सांगितलेलं असतं की अँटीव्हायरस क्रॅकवर, म्हणजे कुलूप तोडून फुकट केलेल्या प्रोग्रॅमवर, उगाच ओरडतो. फोंड्याजवळच्या एका गावातलं कुटुंब दोन वर्षांपूर्वी सीपीयू उचलून माझ्याकडे आलं. सगळ्या फाइलींच्या नावापुढे चार अक्षरी शेपूट लागलं होतं, एकही फोटो उघडत नव्हता, आणि प्रत्येक फोल्डरमध्ये ‘फाइलींना कुलूप लावलंय, पैसे द्या’ अशी खंडणीची चिठ्ठी. मुलाने गेमसाठी डिफेंडर बंद केला होता. त्यांच्या वडिलांच्या शेवटच्या वर्षातले सगळे फोटो त्यात होते आणि दुसरीकडे कुठेही प्रत नव्हती. युरोपोल, नेदरलँड्सचे पोलीस आणि काही अँटीव्हायरस कंपन्या यांनी २०१६मध्ये ‘नो मोअर रॅन्सम’ नावाची साइट सुरू केली. तिथे अशा काही कुलपांच्या चाव्या फुकट मिळतात. मी तिथलं साधन चालवून पाहिलं. या कुलपाच्या जुन्या आवृत्त्या उघडतात, त्यांची उघडली नाही. त्यांनी नवी डिस्क घेतली, जुनी माझ्याकडे ठेवली आहे. पुढेमागे चावी सापडली तर, म्हणून. सहा महिन्यांतून एकदा मी ती लावून बघतो.

म्हणून एक काम कराच. मुलाला त्याचं स्वतःचं वेगळं खातं करून द्या आणि ते ‘स्टँडर्ड’ प्रकारचं ठेवा. ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ खात्याचा पासवर्ड तुमच्याकडे. मग तो अभ्यास करेल, गेम खेळेल, पण विंडोजमध्ये खोलवर बसणारी वस्तू टाकायची किंवा डिफेंडर बंद करायचा झाला की तुमचा पासवर्ड मागितला जाईल. शिवाय विंडोज सिक्युरिटीमध्ये ‘टॅम्पर प्रोटेक्शन’ चालू आहे ना ते बघा. त्यामुळे बाहेरचा प्रोग्रॅम परस्पर डिफेंडर निकामी करू शकत नाही. मात्र स्टँडर्ड खात्यातूनही मुलाच्या स्वतःच्या फाइलींना इजा होऊ शकते. तेवढ्यासाठी पुढे बॅकअपचं सांगणारच आहे.

पेन ड्राइव्हची वाट तुलनेने साधी आहे. प्रोजेक्ट छापायला मुलगा झेरॉक्सच्या दुकानात पेन ड्राइव्ह घेऊन जातो आणि परत येतो तेव्हा त्यात फोल्डरांऐवजी बाण असलेले शॉर्टकट दिसतात. परीक्षांच्या दिवसांत माझ्याकडे अशी मुलं रडवेली होऊन येतात. त्यांना मी आधी एवढंच सांगतो, फॉरमॅट मारू नकोस. फाइली बहुतेक वेळा तिथेच असतात, फक्त लपवलेल्या. त्या शॉर्टकटवर क्लिक करू नका, डिफेंडरने पेन ड्राइव्ह स्कॅन करून घ्या, मग फोल्डरच्या ‘व्ह्यू’मधून लपलेल्या फाइली दाखवायचा पर्याय चालू करा आणि आपल्या फाइली बाहेर काढून घ्या. छापायची फाइल दुकानदाराला मेलने पाठवली तर पेन ड्राइव्ह नेण्याचीही गरज उरत नाही. पण त्याच्या कॉम्प्युटरवर स्वतःचं व्हॉट्सॲप उघडायला लावू नका. निघताना बंद करायचं राहून जातं.

आता विंडोज १०. तुमच्या प्रश्नात हे एका शब्दात येऊन गेलं, माझ्या दृष्टीने मात्र अँटीव्हायरसच्या आधीचा प्रश्न हाच. मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ला थांबवला. त्यानंतर विंडोजच्या सुरक्षेत सापडलेली भोकं बुजवणारे अपडेट आपोआप येत नाहीत. भोक उघडं असेल तर काय होतं ते १२ मे २०१७ला साऱ्या जगाने पाहिलं. त्या दिवशी वॉनाक्राय हा खंडणीचा व्हायरस पसरला तो कुणी मेल उघडल्याशिवाय, कुणी क्लिक केल्याशिवाय, एका मशीनमधून नेटवर्कवरच्या दुसऱ्या मशीनमध्ये. त्याचा अपडेट मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिला होता. ज्यांनी तो घेतला होता त्यांच्या मशीनमध्ये त्याला त्या भोकातून शिरता आलं नाही.

तुमच्यापुढे दोन मार्ग आहेत. मशीन विंडोज ११ घेऊ शकत असेल तर घ्या, तो फुकट मिळतो. इंटेलचा प्रोसेसर असेल तर ढोबळमानाने आठव्या पिढीपासून पुढचा लागतो, आणि टीपीएम २.० नावाची, मशीनच्या गुप्त चाव्या सांभाळणारी सोय लागते. २०१९चं मशीन बरोबर सीमेवर आहे, दोन्हीपैकी काहीही असू शकतं. तपासणीत ‘टीपीएम नाही’ असं आलं तर लगेच निराश होऊ नका. दुकानात जोडलेल्या मशीनमध्ये ती सोय असते, पण बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, बंद ठेवलेली असते. इंटेलच्या बोर्डवर तिला पीटीटी म्हणतात, एएमडीच्या बोर्डवर एफटीपीएम. जाणकाराकडून चालू करून घ्या. मशीन खरंच जुनं निघालं, तर विंडोज १०साठी मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेटची योजना दिली आहे. मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला की त्याचे पैसे पडत नाहीत. विंडोज अपडेटच्या पानावर त्याची नोंदणी दिसते. डिफेंडरला नव्या व्हायरसांची ओळख मात्र विंडोज १०वर ऑक्टोबर २०२८पर्यंत मिळत राहील असं मायक्रोसॉफ्टने सांगितलं आहे. या शेवटच्या वाक्यावर समाधान मानून बसू नका. राखणदार जागा असला तरी भिंतीतलं भगदाड भगदाडच राहतं.

इथपर्यंतचं एकदा गोळा करतो. पाटी ही क्रोमची, ती पाच मिनिटांत जाते. डिफेंडर तुमच्या घराला पुरेसा आहे, कारण तुमच्याकडे नेट कायम चालू असतं. मुलाचं खातं वेगळं, बुकिंगचे मेल ॲपमधून, आणि विंडोजला अपडेट मिळत राहतील अशी व्यवस्था.

मग विकतचा अँटीव्हायरस मी कुणाला देतो? वरच्या शिक्षकांसारख्यांना देतो. घरातूनच हिशेबाचं काम करणाऱ्या, दहा जणांच्या फाइली हाताळणाऱ्या माणसाला देतो. आणि फोन उचलून मराठीत किंवा कोकणीत समजावणारं कुणी हवंच आहे अशा वयस्कर माणसांनाही देतो. तिथे ते पैसे मुख्यतः त्या आधाराचे असतात आणि तो आधार खरा आहे. पुण्याच्या काटकर बंधूंनी दुरुस्तीच्या छोट्या धंद्यातून उभं केलेलं क्विक हील आपल्या भागात दुकानोदुकानी मिळतं ते यामुळेच. माणूस जवळचा वाटतो. तुम्हाला असा आधार हवा असेल तर विकतचा जरूर घ्या, त्यात काही चूक नाही. फक्त तीन वर्षांचा घेऊ नका. हे मशीन तीन वर्षं राहील का हेच आज ठरलेलं नाही. एक वर्षाचा घ्या, साध्या नावाचा. ‘टोटल’ प्रकारात जास्तीचे पैसे पडतात ते बहुधा व्हीपीएन (इंटरनेटवर आपला माग झाकणारी सोय), सफाई आणि वेग वाढवणारी बटणं, पासवर्ड साठवायची जागा अशा गोष्टींचे. व्हायरस पकडणारं इंजिन एकाच कंपनीच्या स्वस्त आणि महाग डब्यांत सहसा सारखंच असतं. घरातल्या वापराला त्या सफाईच्या बटणाचा उपयोग झालेला मी पाहिला नाही, नको ते पुसल्याने झालेला त्रास मात्र पाहिला आहे. ऑनलाइन घेतलात तर दरवर्षी आपोआप पैसे कापून घेण्याची खूण काढून टाका. पहिल्या वर्षाचा भाव आणि पुढचा भाव यांत बराच फरक असू शकतो.

दिरांच्या सल्ल्याबद्दल. बाहेरचा फुकट अँटीव्हायरस डिफेंडरपेक्षा जास्त काय देतो, हा माझा प्रश्न आहे. त्यांचा खर्च कुठून तरी निघावा लागतो. अनेकदा तो ‘अपग्रेड करा’च्या पाट्यांतून निघतो, म्हणजे आज तुम्हाला ज्याचा त्रास होतोय तेच. कधी त्याहून वाईट घडतं. अवास्ट या जगभर वापरल्या जाणाऱ्या अँटीव्हायरसने ग्राहकांनी कुठल्या साइट पाहिल्या याची माहिती जम्पशॉट नावाच्या आपल्याच कंपनीमार्फत विकल्याचं २०२०मध्ये उघड झालं. जम्पशॉट बंद करावी लागली आणि २०२४मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. घराची राखण करायला ठेवलेल्यानेच घरात कोण येतं-जातं ते विकावं, याचा मला त्या वेळी फार संताप आला होता. कारण माझ्याच हाताने मी तो कितीतरी घरांत बसवला होता.

‘मग दोन्ही ठेवते’ असंही करू नका. अँटीव्हायरस विंडोजच्या अगदी गाभ्याशी बसतो आणि उघडणारी प्रत्येक फाइल अडवून बघतो. दोन बसले की एकमेकांना अडवतात. हे काम किती खोल असतं ते १९ जुलै २०२४ला दिसलं. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरचा एक चुकीचा अपडेट गेला आणि जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळी स्क्रीन दाखवून बंद पडली. आपल्याकडेही विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. विकतचा बसवला की डिफेंडर आपणहून बाजूला होतो, तेव्हा काही करावं लागत नाही. उलट विकतच्याची मुदत संपली की तो पूर्ण काढून टाका आणि विंडोज सिक्युरिटी उघडून डिफेंडर पुन्हा जागा झाला ना ते डोळ्यांनी बघा. वर्षापूर्वी मुदत संपलेला अँटीव्हायरस तसाच कोपऱ्यात बसलेला आणि घरचे लोक निर्धास्त, अशी मशीन माझ्याकडे नेहमी येतात. तुमच्याही मशीनमध्ये २०१९चा एखादा असा राहिला असेल, तेवढं तपासा.

आता ज्यावर पैसे घालायला सांगितलं ती हार्ड डिस्क. आमच्या दुकानात फाइली गमावलेली जी माणसं येतात, त्यांच्या फाइली व्हायरसने नेलेल्या कमी आणि पावसाने नेलेल्या जास्त असतात. जूनमध्ये वीज दहा वेळा जाते-येते, मांद्र्यासारख्या समुद्राकाठच्या गावात खारी हवा आणि दमट भिंती, आणि एका सकाळी डिस्क टकटक आवाज करायला लागते. त्या वेळी कुठल्याही अँटीव्हायरसची पावती कामाला येत नाही. एक टीबीची एक्स्टर्नल डिस्क घ्या. यजमानांचे फोटो, घराची आणि खोल्यांच्या परवान्याची कागदपत्रं, मुलाच्या गुणपत्रिका, पाहुण्यांच्या नोंदी तीत उतरवा आणि डिस्क काढून ठेवा. काढून ठेवणं महत्त्वाचं आहे. लावलेलीच ठेवली तर खंडणीचा व्हायरस तिच्यावरच्या फाइलींनाही कुलूप घालतो आणि वीज कडाडली तर दोन्ही एकदम जातात. घट्ट झाकणाच्या डब्यात, औषधांच्या बाटलीत येतात तसल्या सिलिका जेलच्या दोन पुड्या घालून कपाटात ठेवा. सगळ्यात मोलाच्या गोष्टींची आणखी एक प्रत घराबाहेर असू द्या, क्लाउडवर किंवा माहेरी दुसऱ्या डिस्कवर.

कधी करायचं याचं वेळापत्रक लोक पाळत नाहीत, म्हणून मी सणांशी बांधून देतो. एकदा मे महिन्याच्या शेवटी, पाऊस लागण्याआधी. एकदा चवथीनंतर, म्हणजे गणपतीनंतर, कारण चवथीला मुंबई-पुण्याहून आलेली माणसं पेन ड्राइव्हमधून फोटो देऊन-घेऊन जातात. एकदा नाताळाच्या गर्दीआधी, आणि एकदा यजमान घरी आले की. वर्षातून चार वेळा, प्रत्येक वेळी अर्धा तास. शिवाय उतरवलेल्यातले दोन-चार फोटो डिस्कवरून उघडून बघा. न उघडणारी प्रत ही प्रत नव्हे.

कामांचा क्रम विचाराल तर आज फक्त क्रोमची नोटिफिकेशन बंद करा आणि डिफेंडरचा एक ‘फुल स्कॅन’ लावून झोपा. स्कॅनमध्ये काही सापडलं तर त्याच जागी ‘ऑफलाइन स्कॅन’ असा पर्याय आहे. तो विंडोज पूर्ण सुरू होण्याआधीच तपासतो, त्यामुळे लपून बसलेलंही हाती लागतं. रविवारी मुलाला शेजारी बसवून त्याचं खातं करा, ‘हे का करतोय’ ते त्याला सांगून. हार्ड डिस्क आली की विंडोज ११च्या नादी लागण्याआधी सगळं तीत उतरवा. अपडेट बहुतेक वेळा सुरळीत होतो, पण बॅकअप नसताना मी माझ्या गिऱ्हाइकाच्या मशीनला हात लावत नाही, तुम्हीही लावू देऊ नका.

विंडोज ११ची तपासणी करायला मायक्रोसॉफ्टचंच ‘पीसी हेल्थ चेक’ नावाचं छोटं ॲप आहे. ते चालवा आणि नकार आला तर त्याने दिलेलं कारण आणि प्रोसेसरचं पूर्ण नाव मला जसंच्या तसं लिहून कळवा. टीपीएमचं कारण असेल तर बायोसमध्ये कुठे जायचं ते बोर्डच्या नावावरून सांगता येईल. प्रोसेसरचं असेल तर एसएसडीवर खर्च करावा की नवीन मशीनसाठी पैसे जमवावेत, ते आपण त्यावर ठरवू.